अरुंद वाटेचे विज्ञान : ‘स्टारक्राफ्ट’ पुन्हा पाहताना

संगणकावरच्या खेळांचा विषय शाळेत निघतो तो बहुधा तक्रारीच्या स्वरात. मुले तासन्‌तास खेळतात, झोप बिघडते, अभ्यास मागे पडतो. या तक्रारी खोट्या नाहीत. पण एखादे पुस्तक न वाचता त्याच्यावर मत देणे आपल्याला पटत नाही. तोच न्याय खेळालाही लावायला हवा. म्हणून येथे एका जुन्या, गाजलेल्या खेळाची परीक्षा करू. विज्ञानकथा म्हणून मिरवणाऱ्या या खेळात विज्ञान किती आहे, आणि ते नेमके कोठे आहे?

‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने मार्च १९९८ मध्ये बाजारात आणला. दक्षिण कोरियात त्याचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जात. २०१७ साली मूळ खेळ विनामूल्य करण्यात आला आणि त्याच वर्षी त्याची नव्या चित्रांची आवृत्ती निघाली. दूरच्या ग्रहांवर टेरन, झर्ग आणि प्रोटॉस अशा तीन जमाती लढत असतात. टेरन म्हणजे माणसे. खेळाडूने खनिज खणायचे, इमारती उभारायच्या, सैन्य तयार करायचे आणि प्रतिपक्षाला हरवायचे. बुद्धिबळात आपण विचार करत असताना प्रतिस्पर्धी थांबतो. येथे कोणी कोणासाठी थांबत नाही. दोन्ही बाजूंचे डाव एकाच वेळी चालू असतात, आणि जो प्रदेश आपल्या नजरेत नाही तेथे काय चालले आहे हे दिसत नाही.

मराठी विज्ञानकथेच्या चर्चेत एक कसोटी नेहमी लावली जाते : विज्ञान काढून घेतले तर कथा उरते का? उरत असेल, तर विज्ञान केवळ सजावटीचे होते. ‘स्टारक्राफ्ट’ची कथा या कसोटीवर नापास होते. ग्रह, याने, मनःशक्तीचे चमत्कार काढून तेथे डोंगर, घोडे आणि जादूटोणा घातला तरी कथेचे फारसे बिघडत नाही. झर्ग जमातीच्या बाबतीत तर मुलांची समजूत चुकीची होण्याचा धोका आहे. हे प्राणी इतर जीवांचे उपयोगी गुण हवे तेव्हा उचलतात आणि हुकूम मिळताच रूप पालटतात. उत्क्रांती अशी होत नाही. तिला हुकूम देणारे कोणी नसते. पिढ्यानपिढ्या होणारे लहान बदल आणि त्यांतून होणारी नैसर्गिक निवड, एवढेच तिचे भांडवल. जीवशास्त्राच्या शिक्षकाने हा फरक आवर्जून सांगावा.

मग या खेळात विज्ञान आहे कोठे? ते आकाशात नाही, जमाखर्चात आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या शाळांमधील शिक्षकांना ते इतरांपेक्षा लवकर ओळखू येईल, कारण त्यांच्या भोवतालचा सारा व्यवहार त्याच नियमांवर चालतो.

आधी खाण पाहू. खेळातील कामगार एका खेपेस ८ एकक खनिज आणतो, आणि एका खडकावर एका वेळी एकच कामगार खणू शकतो. आता हिशेबासाठी आपण असे धरू, की खणायला ५ सेकंद लागतात आणि जाऊन-येऊन पूर्ण खेपेला १५ सेकंद. एक कामगार मिनिटाला ४ खेपा करील, म्हणजे ३२ एकक आणील. दोन कामगार ६४, तीन कामगार ९६. चौथा लावला तर? उत्तर ९६ च. तीन कामगारांतच खडक क्षणभरही मोकळा राहत नाही. चौथा आला की रांग तेवढी वाढते. खेळात असा कामगार शेजारचा मोकळा खडक शोधत निघून जातो. सगळे खडक भरले, की नवा कामगार म्हणजे निव्वळ खर्च. माणसे दुप्पट केली की काम दुप्पट होते, हे त्रैराशिकातील गृहीत कोठे लागू पडते आणि कोठे अडते, हे याहून सोप्या उदाहरणाने सांगणे कठीण आहे.

दुसरी अडचण कारखान्याची. टेरन पक्षाचा एक सैनिक ५० खनिजांत तयार होतो. पण सैन्याला रसद लागते, आणि रसदीचे एक कोठार ८ जणांपुरते असते. कोठार वेळेवर बांधले नाही, तर हजारो खनिजे शिल्लक असूनही एकही सैनिक बाहेर पडत नाही. चाकणच्या मोटार कंपनीत काम करणाऱ्या पालकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. गाडीचे शेकडो भाग तयार आहेत, एक लहानसा भाग व्हेंडरकडून आलेला नाही, की लाइन थांबते. २०२१ साली सेमीकंडक्टर चिपांचा जगभर तुटवडा पडला तेव्हा भारतातील मोटार कारखान्यांनाही उत्पादन कमी करावे लागले. पोलाद होते, माणसे होती, मागणी होती. नखाएवढी चिप नव्हती. साखळीचा वेग तिच्या सर्वांत मंद कडीने ठरतो.

तिसरी गोष्ट लढाईची. येथे एका मोटार अभियंत्याची आठवण काढायला हवी. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या काळात मोटारगाड्या बनवणारे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ साली विमानयुद्धावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात लढाईचे गणित मांडले. समजा, मोकळ्या मैदानात दुरून नेम धरणारे १० सैनिक एका बाजूला आणि ६ दुसऱ्या बाजूला आहेत, कौशल्य सारखेच. सहा जण संपतील तेव्हा दहांपैकी किती उरतील? चटकन उत्तर येते, चार. लँचेस्टर यांच्या सूत्राने उत्तर येते आठ. कारण येथे संख्यांच्या वर्गांची वजाबाकी होते : १०० वजा ३६ म्हणजे ६४, आणि त्याचे वर्गमूळ ८. मोठ्या बाजूचे सगळेच एकाच वेळी नेम धरू शकतात, त्यामुळे लहान बाजू झपाट्याने कमी होते, आणि जसजशी ती कमी होते तसतसा तिचा माराही कमी होतो.

तेच सैनिक एकास एक लढता येईल एवढ्याच अरुंद वाटेत समोरासमोर आले, तर मात्र चार हेच उत्तर बरोबर. तेथे मागचे सैनिक केवळ आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. ‘स्टारक्राफ्ट’मधील जाणता खेळाडू म्हणूनच चढाच्या अरुंद तोंडाशी पहारा ठेवतो.

हे तत्त्व चाकणला नवे नाही. चाकणचा भुईकोट, म्हणजे संग्रामदुर्ग. १६६० च्या जून ते ऑगस्टमध्ये शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी काही शे माणसांनिशी हा लहानसा किल्ला सुमारे दोन महिने लढवला. त्यांच्या शौर्याचे मोल कोणत्याही सूत्राने कमी होत नाही; पण तटाने काय केले तेही पाहावे. तट असेपर्यंत शत्रूची सगळी संख्या एकदम कामाला लावता येत नव्हती. मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला, वाट रुंद झाली, आणि मग संख्येने आपले काम केले.

खाणीचा खडक, रसदीचे कोठार, चढाचे तोंड; तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. वाट कोठे अरुंद आहे? चौथी अरुंद वाट खुद्द खेळाडूचे लक्ष ही आहे. मूळ खेळात एका वेळी १२ पेक्षा जास्त सैनिकांना निवडून आज्ञा देता येत नाही. २०१९ साली डीपमाइंड संस्थेच्या ‘अल्फास्टार’ या संगणक-प्रणालीने या खेळाच्या दुसऱ्या भागात बहुतेक सर्व मानवी खेळाडूंना मागे टाकले, तेव्हाही तिच्या आज्ञांच्या वेगावर मुद्दाम मर्यादा घालावी लागली होती. नाहीतर स्पर्धा बुद्धीची न राहता बोटांच्या वेगाची झाली असती.

एवढे गुण सांगितल्यावर दोषही स्पष्ट सांगायला हवा. या जमाखर्चात दोन रकाने नाहीत. पहिला रकाना कामगाराचा. तो ५० खनिजांना मिळतो, त्याला पाळी नाही, सुटी नाही, यंत्रात बोट सापडण्याची भीती नाही. मेला तर दुसरा घ्यायचा. ज्या मुलांच्या घरचे जेवणखाण आई-वडिलांच्या पहिल्या पाळीवर आणि रात्रपाळीवर ठरते, त्यांनी हा खेळ खेळताना ही त्रुटी ओळखलीच पाहिजे. कारण माणसाला केवळ आकडा मानण्याची सवय खेळातून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. दुसरा रकाना उरलेल्या घाणीचा. खेळात खनिज संपते, ही गोष्ट प्रामाणिक आहे. पण कारखान्यातून सांडपाणी कधीच बाहेर पडत नाही. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा हिशेब अपुरा वाटेल.

म्हणून आपली शिफारस अशी : नववीच्या पुढच्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ वेळेचे बंधन घालून जरूर वापरावा, पण खेळण्याइतकाच वेळ हिशेबाला द्यावा. संगणक नसला तरी अडत नाही. फळ्यावर १० आणि ६ हे आकडे लिहा. दर फेरीत प्रत्येक बाजूचे नुकसान समोरच्या संख्येच्या एक दशांश धरा. पहिल्या फेरीअखेर ९.४ आणि ५ उरतील, दुसऱ्या फेरीअखेर ८.९ आणि ४.०६. लहान बाजू संपेपर्यंत मुलांना आकडेमोड करू द्या. शेवटी उरणारा आकडा चारापेक्षा आठाच्या किती जवळ येतो ते त्यांनाच पाहू द्या. आणि मग विचारा : कामगारांच्या थकव्यासाठी आणि नदीच्या पाण्यासाठी या खेळात रकाने घालायचे झाले, तर नियम कोणते करावे लागतील? हा प्रश्न सोडवू पाहणारा विद्यार्थी पुढे कंपनीत गेला, तर लाइन कोठे अडते ते त्याला कळेलच. ती कोणाच्या जिवावर चालते, हेही तो विचारील.