पडद्यामागे कोणाचे हात दिसतात?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या विस्तारित आवृत्त्या २००२ ते २००४ या काळात डीव्हीडीवर आल्या. त्यांच्यासोबतचे, मायकेल पेलेरिन यांनी केलेले निर्मितीपट, म्हणजे चित्रपट कसा घडला ते दाखवणारे माहितीपट, तासन्‌तास चालतात, तरी रसिकांनी त्यांची पारायणे केली. जादूचे रहस्य कळते म्हणून, असे कारण सहसा दिले जाते. ते पटत नाही. हॉबिट बुटके कसे दिसतात हे रहस्य पाच मिनिटांत संपते: एक नट कॅमेऱ्याजवळ बसवायचा, दुसरा लांब. पाहणारा तरीही उठत नाही, कारण पुढे वेटा वर्कशॉपमधली माणसे चिलखतांसाठी प्लॅस्टिकच्या नळीच्या असंख्य कड्या हाताने ओवताना दिसतात. ऑर्क या राक्षसांच्या फौजेची गर्जना हवी म्हणून दिग्दर्शक पीटर जॅक्सन वेलिंग्टनमधल्या न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामन्याच्या मध्यंतरात मैदानात उतरतो आणि हजारो प्रेक्षकांना ओरडायला लावतो. खोट्या जगासाठी उपसलेले हे खरे कष्ट आहेत. ओढ त्यांचीच आहे.

ही निर्मात्याच्याच पैशातून केलेली जाहिरात, हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. सगळेच एकमेकांची स्तुती करत असतात. पण ‘द हॉबिट’च्या निर्मितीपटांत ऐन वेळी दिग्दर्शन अंगावर घेतलेला जॅक्सन पुरेशी तयारी नव्हती हे कबूल करतो, आणि शेवटच्या लढाईचे चित्रीकरण पुढे ढकललेलेही दिसते. नुसत्या जाहिरातीत हे आले नसते. कृती कळली की मोहिनी उतरते, हा दुसरा आक्षेप तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे: चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट दादासाहेब फाळक्यांनी १९१७मध्ये स्वतःच काढला, आणि त्याच वर्षीच्या त्यांच्या ‘लंकादहन’ची गर्दी काही त्यामुळे हटली नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. हातोडी, माती, शिवणयंत्र कॅमेऱ्यासमोर शोभतात. संगणकापुढे रात्र काढणारा माणूस शोभत नाही. त्यामुळे या प्रकाराने कष्टांतही निवड केली. आता डीव्हीडी मागे पडली, मोठ्या निर्मितीपटांची जागा बव्हंशी दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांनी घेतली, आणि त्यांत ‘सगळे खरेखुरे उभारले’ असे मिरवताना संगणकावरचे काम झाकले जाते. अपवाद आहेत. ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने फेब्रुवारी २०१३मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळाले. ‘लाइफ आफ्टर पाय’ (२०१४) हा अर्ध्या तासाचा माहितीपट ती कहाणी सांगतो. तो मात्र स्टुडिओने नव्हे, त्या कंपनीतल्याच कामगारांनी काढला. या कंपनीची एक शाखा मुंबईत होती. परदेशी चित्रपटांच्या चौकटी (फ्रेम) संगणकावर साफ करणारी माणसे आजही या शहरात आहेत. पुढचा निर्मितीपट काढणाऱ्याने कॅमेरा त्यांच्या खोलीत लावावा.