चमत्काराचा जमाखर्च

अँख-मॉरपॉर्क नावाच्या शहरात एक परदेशी पाहुणा उतरतो. त्या जगातला हा पहिला पर्यटक. ज्या खाणावळीत तो मुक्काम करतो, तिच्या मालकाला तो आगीचा विमा म्हणजे काय हे समजावून सांगतो. थोडे पैसे भरायचे आणि जागा जळाली तर त्याच्या कितीतरी पट घ्यायचे, ही कल्पना मालकाला फारच पसंत पडते. लवकरच खाणावळ पेटते आणि तिच्याबरोबर सगळे शहर. टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतली पहिली कादंबरी, १९८३ सालची ‘द कलर ऑफ मॅजिक’, या आगीच्या उजेडातच उघडते. सपाट तबकडीसारखे हे जग चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत. कूर्म आणि दिग्गज ज्यांच्या पुराणांत आहेत त्या आपल्याला हे चित्र नवखे वाटायचे कारण नाही. तिथे जादूगार आहेत, ड्रॅगन आहेत, देवही आहेत. तरी शहर जळते ते विम्याच्या एका हप्त्यामुळे. वाचक हसतो आणि हसता हसता त्या जगावर विश्वास ठेवू लागतो. विनोदी अद्भुत साहसकादंबरीची सगळी किमया या विश्वासात आहे, असे माझे म्हणणे आहे. चमत्कार घडला की त्याची किंमत कोणीतरी चुकवतेच. ती कोण चुकवते, हे या कादंबऱ्या विचारतात. हसू हे त्या हिशेबाचे साधन आहे. जिथे हा हिशेब चोख असतो तिथे ही कादंबरी मोठी होते. जिथे तो टाळला जातो तिथे नुसता गमतीजमतींचा ढीग उरतो.

हास्य आणि अद्भुत यांचे एकमेकांशी जमत नाही, ही समजूत जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने शृंगारातून हास्य आणि वीरातून अद्भुत निघते असे सांगितले. म्हणजे दोघांची कुळेच वेगळी. विस्मयात माणूस स्वतःला विसरतो आणि हसताना तो दोन पावले मागे सरून बघतो. मग दोन्ही एकाच वेळी कसे साधायचे? जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथेवर दिलेल्या व्याख्यानात याच प्रश्नाला हात घातला होता. परीकथेत उपहास असायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच, चेष्टा खुद्द जादूची होता कामा नये. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जादू खोटी आहे, ड्रॅगन कागदाचा आहे, असे डोळे मिचकावून सांगणारी कादंबरी वाचकाच्या पायाखालची फळीच काढून घेते. पण जादूला हसणे वेगळे आणि जादू खरी धरून तिच्यापायी काय काय निस्तरावे लागेल यावर हसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या हसण्यात जादूची चेष्टा नसते. उलट तिला इतके खरे मानलेले असते की तिचे बिलही फाडले जाते.

याचा पहिला दाखला टॉल्किन यांच्याच घरात सापडतो. ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) तेरा बुटके बिल्बोला ड्रॅगनचा खजिना परत मिळवायच्या मोहिमेवर नेतात. त्याआधी ते त्याच्या घरातल्या घड्याळाखाली एक चिठ्ठी ठेवून जातात. एकूण नफ्याचा फार तर चौदावा हिस्सा, प्रवासखर्च वेगळा आणि वेळ आलीच तर अंत्यविधीचा खर्चही, अशा त्या चिठ्ठीतल्या अटी. बिल्बो धावत सुटतो तो टोपी आणि हातरुमाल घरीच विसरून. साहसकथेच्या तोंडाशी असा कारकुनी करारनामा आला की हसू येते, पण त्या हसण्याच्या पोटात एक थंडगार सूचना असते: या प्रवासात माणसे मरतील आणि हे बुटक्यांनी आधीच धरून ठेवले आहे. पुढे खजिन्याच्या वाटणीवरून जे रण पेटते, त्यात तीन बुटके मरतात. सुरुवातीला विनोद वाटलेले कलम शेवटी लागू होते. उत्तम विनोदी अद्भुतकथेचा आराखडा बहुतेक वेळा असाच असतो: आधी जे हसवते, तेच पुढे नियम बनून पात्रांना बांधते.

उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते. डायना विन जोन्स यांनी १९९६ साली ‘द टफ गाइड टु फँटसीलँड’ हे पुस्तक लिहिले. ठोकळेबाज अद्भुत कादंबऱ्यांतल्या काल्पनिक देशाची ही अकारविल्हे पर्यटन-मार्गदर्शिका. या देशात लोक सदैव रस्सा का खातात, तो शिजायला तर तासन्‌तास लागतात, असा प्रश्न ती उभा करते. इथले घोडे दिवसभर दौडूनही थकत नाहीत, तेव्हा त्यांची पैदास बहुधा परागीभवनाने होत असावी, असा तर्कही ती लढवते. बाईंचा राग जादूवर नव्हता. जन्मभर त्यांनी स्वतः जादूच लिहिली. त्यांना चीड होती ती हिशेब न ठेवणाऱ्या आळशी लेखनाची. ज्या देशात घोड्याला वैरण लागत नाही, तिथल्या नायकाची दौड आपल्याला थरारून सोडत नाही, कारण ती फुकटची आहे. त्यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कासल’मध्ये (१९८६) टोप्या शिवणाऱ्या सोफीला चेटकीण शाप देते आणि ती एका क्षणात म्हातारी होते. शापाने तिचे सांधे खरोखर दुखू लागतात, दम लागतो. पण तरुणपणी जीभ आवरून वागणारी ही मुलगी म्हातारपणाच्या आडोशाला मनातले फाडफाड बोलायलाही लागते. शापाच्या खात्यावर तोटाही आहे आणि नफाही, आणि कादंबरीतले सगळे हसू या दोन रकान्यांच्या ओढाताणीतून येते.

प्रॅचेट यांनी हा हिशेब सर्वांत विस्ताराने मांडला. ‘डिस्कवर्ल्ड’च्या ४१ कादंबऱ्यांत त्यांची वाढ सरळ दिसते. पहिल्या दोन पुस्तकांत इतरांच्या अद्भुतकथांची नक्कल पुष्कळ आहे, आणि मूळ वाचलेले नसेल तर तिथले निम्मे विनोद निसटतात. ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’पर्यंत (१९८९) येता येता ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. साहसकथेत नायकावर धावून जाणारे आणि ओळभरात मरून पडणारे पहारेकरी इथे मुख्य पात्रे आहेत. गोष्टींमध्ये दशलक्षात एक अशी संधी हमखास साधते, यावर या पहारेकऱ्यांची श्रद्धा असते. म्हणून ड्रॅगनला बाण मारायच्या आधी ते शक्यता नेमकी दशलक्षात एक व्हावी यासाठी खटपट करतात. बाण मारणाऱ्याने तोंडाला काजळी फासावी, एका पायावर उभे राहावे, गाणे म्हणावे. बाण चुकतो, कारण गणित चुकलेले असते. मग ड्रॅगनची आग खालच्या दारूभट्टीला लागते आणि स्फोट होतो. त्या स्फोटातून जिवंत सुटण्याची शक्यता मात्र नेमकी दशलक्षात एक असते, म्हणून ते वाचतात. हा प्रसंग साहसकथेचे सगळ्यात लाडके गृहीतक उघडे पाडतो, तरी त्या गृहीतकाची जादू मोडत नाही. ज्यांच्या मरणाचा हिशेब कोणत्याच कथेने कधी ठेवला नाही, त्यांना ती मिळवून देतो.

याच पहारेकऱ्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये (१९९३) बुटांचे गणित मांडतो. चांगले बूट ५० डॉलरला मिळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. गरिबाला परवडतात ते १० डॉलरचे, आणि ते एकदोन हंगामांत गळू लागतात. दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि पाय मात्र ओलेच राहतात. बुटक्यांच्या आणि राक्षसांच्या शहरात केलेली ही मांडणी वाचकांनी इतकी खरी मानली की २०२२ साली ब्रिटनमध्ये गरिबांना जाणवणारी महागाई मोजण्यासाठी आखलेल्या निर्देशांकाला व्हाइम्सच्या बुटांचे नाव देण्यात आले. कल्पित जगाचा हिशेब पक्का असेल तर तो खऱ्या जगातही वापरता येतो, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? ‘स्मॉल गॉड्‌स’मध्ये (१९९२) हीच रीत श्रद्धेला लावलेली आहे. देवाची ताकद भक्तांच्या विश्वासावर ठरते. ओम या महान देवाच्या नावाने साम्राज्य चालते, मंदिरे आहेत, धर्मपीठ आहे, छळघर आहे; पण मनापासून मानणारा एकच भोळा मुलगा उरल्याने देव एकाक्ष कासव होऊन पडला आहे. छळघरातल्या कामगारांकडे चहाचे मग आहेत आणि मुलांनी लाडक्या बाबांना म्हणून दिलेल्या मगसारखा मजकूर त्यांवर आहे. तिथे येणारे हसू घशातच अडकते. क्रौर्य राक्षसी असावे लागत नाही, ते कामाची वेळ संपवून घरी जाणारेही असते, हे कळायला एवढा एक मग पुरतो.

या प्रकारावर दुसरा आक्षेप घेतात तो हलकेपणाचा: हसू आले की भीती विरते, आणि भीती विरली की साहसात उरते काय? पात्रे संकटासमोर टाळ्या मिळवणारी वाक्ये फेकत राहतात, त्या कादंबऱ्यांबाबत हा आक्षेप खरा आहे. पण हसू भीतीची धार वाढवूही शकते. जोनाथन स्ट्राउड यांच्या ‘द ॲम्युलेट ऑफ समरकंद’मध्ये (२००३) बार्टिमियस हा जिन्न निवेदक आहे आणि तळटिपांतून तो सतत शेरे मारतो. हे शेरे गमतीचे आहेत, पण त्याला जादूगारांनी गुलाम केलेले आहे आणि शेरे मारण्यापलीकडे त्याच्या हाती काही नाही. हे लक्षात आल्यावर प्रत्येक तळटीप बेडीच्या आवाजासारखी ऐकू येते. तिसरा आक्षेप पलायनाचा. खऱ्या प्रश्नांकडे पाठ फिरवणारे हे वाचन आहे, असे म्हणतात. विमा, बूट, धर्मपीठ, गुलामी हे विषय ज्या पुस्तकांत पानोपानी भेटतात त्यांना पलायन कसे म्हणावे? ती आपल्याला दूर नेतात हे खरे, पण डोंगर पाहायला दूर जावे लागते, तसे.

आज ही कला कुठे उभी आहे? प्रॅचेट २०१५ मध्ये गेले आणि त्यांच्याइतक्या विस्ताराने हे काम करणारा लेखक त्यानंतर झालेला नाही. त्यांनी दाखवलेली वाट मात्र मोडलेली नाही. बेन आरोनोविच यांच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये (२०११) लंडनचा शिपाई एका भुताची साक्ष नोंदवतो आणि थेम्स नदीच्या देवतांमधला हद्दीचा वाद मिटवायला निघतो. पोलीस खात्याची कार्यपद्धती आणि दैवी सत्ता यांच्या घर्षणातून तिथे खरा विनोद निघतो. दुसरीकडे अलीकडे ऊबदार, निवांत अद्भुतकथेची मोठी लाट आली आहे. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या ‘लेजंड्‌स अँड लाटेज’मध्ये (२०२२) ऑर्क जातीची भाडोत्री योद्धा तलवार टांगून कॉफीचे दुकान काढते. या पुस्तकाने थकल्याभागल्या वाचकांना दिलासा दिला आणि दिलासा ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण हे दुकान जळते तेव्हा सगळे मित्र जमतात आणि ते पुन्हा उभे राहते. प्रत्येकाच्या वाट्याला नफाच येतो. अँख-मॉरपॉर्कच्या आगीत आणि या आगीत हा फरक आहे. या लाटेत चमत्काराची किंमत कोणाच्याच नावावर फारशी पडत नाही, आणि त्या प्रमाणात हसूही पुसट होत गेले आहे. या कलेला आज खरा धोका चेष्टेपेक्षा या सोप्या गोडव्याचा आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. आपल्या लोकरंगभूमीवर हास्य आणि अद्भुत शतकानुशतके एकाच मंचावर नांदले. कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर आधी प्रेक्षकांना हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो. गवळणीत पेंद्या आणि मावशी प्रत्यक्ष कृष्णाची फिरकी घेतात. कादंबरी आली तेव्हा मात्र दोघांची चूल वेगळी झाली. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने अद्भुत घेतले, हसू कोल्हटकरांच्या सुदाम्याकडे आणि चिं. वि. जोशींच्या चिमणरावाकडे गेले. दोन्ही एकत्र राहिली ती मुलांच्या वाट्याला. भा. रा. भागवतांनी ॲलिसची जाई करून ‘जाईची नवलकहाणी’ लिहिली, रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण अजूनही नाट्यगृहे भरवते. शब्दांवरचे खेळ भाषांतरात मरतात म्हणून हा प्रकार मराठीत रुजणार नाही, असे कोणी म्हणेल. पण पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या उच्चारांवर बेतलेल्या नाटकातून ‘ती फुलराणी’ उभी केली, म्हणजे भाषेची अडचण ओलांडता येते. आणि मुळात या कलेचा गाभा शब्दखेळात नाहीच. दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात ते स्वच्छ दिसते. एक गंधर्व शापाने गाढव होतो आणि सावळ्या कुंभाराच्या दारात येतो. ते गाढव बोलू लागते आणि राजकन्येशी लग्न मागते. शाप स्वर्गातला, हौस गंधर्वाची, आणि निस्तरायचे ते सावळ्याने आणि त्याची बायको गंगी हिने. प्रेक्षक पोट धरून हसतात ते गाढव बोलते म्हणून, पण वग त्यांच्या मनात राहतो तो सावळ्याच्या धास्तीमुळे. मोठ्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मराठी कादंबरीने ही धास्ती आपली म्हणून उचलली, तर तिला नमुना शोधायला अँख-मॉरपॉर्कपर्यंत जावे लागणार नाही. तो कुंभाराच्या अंगणात बांधलेला आहे.