देहाच्या जागी नाव

संगणकावरच्या मोटारशर्यतींबद्दल बोलताना ‘हुबेहूब’ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. गाडीचा रंग हुबेहूब, टायरचा धूर हुबेहूब, वळणावरची जाहिरातपाटीसुद्धा हुबेहूब. वास्तववादावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेल्या आपल्या समीक्षेला हे भाबडेपण परवडणारे नाही. वाड्याचे कडीकोयंड्यासकट वर्णन केले म्हणून कादंबरी वास्तववादी ठरत नाही. त्या वाड्यात घेतलेल्या निर्णयाची किंमत कुणाला तरी चुकवावी लागते, तेव्हा ती ठरते. हीच कसोटी मी ‘आयरेसिंग’ या अमेरिकन ऑनलाइन शर्यतीला लावून पाहतो आहे.

या खेळाची वंशावळ पाहिल्याशिवाय त्याची मूळ अडचण कळत नाही. डेव्ह केमर यांच्या ‘पॅपिरस’ या कंपनीने 1989 मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीवर आणि 1998 मध्ये ‘ग्रां प्री लेजंड्स’ नावाचा खेळ काढला. दुसरा खेळ 1967 च्या फॉर्म्युला वन हंगामावर बेतलेला होता. त्या काळच्या गाड्यांना हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटवून ठेवणारे पंख नव्हते. ताकद अफाट आणि पकड तुटपुंजी. नवख्या खेळाडूची गाडी पहिल्याच वळणावर गिरकी घेई. आजही जाणकार हा खेळ आदराने आठवतात. पण 1967 च्या त्याच हंगामात मोनॅकोच्या शर्यतीत लोरेन्झो बांदिनीची गाडी पेटली आणि तीन दिवसांनी तो गेला. खेळातल्या मोनॅकोत मात्र गाडी आदळली की एक कळ दाबायची आणि पुन्हा निघायचे. गतिशास्त्र तंतोतंत, आणि भीती शून्य. हुबेहूबपणाची भिंत इथे येऊन थांबते.

केमर यांनी जॉन हेन्री यांच्यासह उभारलेले ‘आयरेसिंग’ 2008 मध्ये खुले झाले. ट्रॅक लेझरने मोजून घेतलेले, त्यामुळे डांबरातला उंचवटा स्टिअरिंगमधून थेट मनगटाला जाणवतो. जाहिरातीत हेच पुढे असते. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती एक साधी अट: इथे टोपणनाव चालत नाही, खऱ्या नावानेच उतरावे लागते. देह पणाला लावता येत नाही, म्हणून त्या जागी नाव लावले आहे.

त्या नावावर खाते उघडले जाते. रस्ता सोडला की एक पॉइंट, ताबा सुटला की दोन, दुसऱ्या गाडीशी जोरात टक्कर झाली की चार. हे सगळे दंडाचे पॉइंट. किती वळणांमागे किती पॉइंट, या हिशेबावर ‘सेफ्टी रेटिंग’ ठरते आणि त्यावर परवान्याचा वर्ग वरखाली होतो. यातले मर्म असे, की दोष कुणाचा हे यंत्र पाहतच नाही. मागून येऊन कुणी ठोकले, तरी चार पॉइंट दोघांच्याही नावावर. मुद्दाम ठोकणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते आणि ती माणसे तपासतात; पण पॉइंटांचा हिशेब त्या निवाड्यासाठी थांबत नाही.

खेळाडूंना हा अन्याय वाटतो, आणि न्यायाच्या भाषेत तो आहेच. तरीही कृतीचा घटक म्हणून पाहिले तर हा नियम मला लेझरच्या मोजणीपेक्षा अधिक वास्तववादी वाटतो. भिंत पंचनामा करत नाही. खऱ्या ट्रॅकवरही ठोकणाऱ्याची आणि ठोकल्या गेलेल्याची, दोन्ही गाड्या मोडतात. पंचांचा निवाडा नंतर येतो. मी टेबलाला आवळलेल्या साध्या स्टिअरिंगवर काही काळ या शर्यती खेळलो आहे. पुढच्या चालकाचे नाव आणि परवान्याचा वर्ग पडद्यावर दिसतो. एखाद्या कच्च्या परवान्याच्या मागे वळणात शिरताना पाय आपोआप ब्रेककडे जातो. छातीत धडधडते तेही खरेच.

या भीतीने शर्यतीचा जीवही जातो, हे नोंदवले पाहिजे. कित्येकजण रांगेत उभे न राहता मुद्दाम पिट लेनमधून, सगळे गेल्यावर निघतात. कुणाला ओलांडायचे नाही, कुणाच्या जवळ जायचे नाही, फक्त वळणे मोजायची. परवाना वाढतो, शर्यत होत नाही. अब्रू सांभाळण्यासाठी उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकणाऱ्या घरांची आठवण यावी असा हा प्रकार. शिवाय वर्गणी भरूनही बहुतेक गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. मोटारशर्यत हा पैसेवाल्यांचा खेळ, एवढे वास्तव मात्र न सांगता उतरले आहे.

हा खेळ खरे चालक घडवतो का, यावर बरेच लिहिले जाते. विल्यम बायरन किशोरवयात इथे शिकला आणि पुढे 2024 व 2025 ची डेटोना 500 जिंकला. प्रश्न तिथे मिटतो. मला 2020 चा वसंत अधिक बोलका वाटतो. साथीमुळे नॅस्कारच्या शर्यती बंद पडल्या आणि खरे चालक आयरेसिंगवर उतरले; ते दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. 5 एप्रिलला बब्बा वॉलेस टकरींना वैतागून अर्ध्यात उठून गेला, आणि एका प्रायोजकाने त्याची साथ सोडली. आठवड्याने एका खासगी आभासी शर्यतीत काइल लार्सनने आपल्या सहायकाशी बोलताना वंशवाचक शिवी दिली. ती सगळ्यांना ऐकू गेली. दोन दिवसांत त्याची खऱ्या संघातली जागा गेली. 2021 मध्ये परतून त्याने अजिंक्यपद मिळवले, हेही सांगायला हवे. वॉलेसला वाटले होते हा खेळ आहे. प्रायोजकाला तसे वाटले नाही, कारण गाडी पडद्यावरची असली तरी नाव पडद्यावरचे नव्हते.

याच महिन्यांत, वेगळ्या सॉफ्टवेअरवर चाललेल्या फॉर्म्युला ई च्या आभासी मालिकेत, डॅनियल आप्टने कमाल केली. शर्यत लागली त्याच्या नावावर, पण स्टिअरिंगवरचे हात दुसऱ्याच, संगणकी शर्यतींत मुरलेल्या खेळाडूचे होते. उघडकीला आल्यावर त्याला बाद करून 10,000 युरो दान करायला लावले. ऑडीने त्याला निलंबित केले ते मात्र खऱ्या गाडीतून.