राजकन्या दुसऱ्या वाड्यात

नाटकाला समीक्षक असतो, सिनेमाला असतो, कवितेला तर वाचकांपेक्षा समीक्षकच जास्त. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मठ्ठ्यात मीठ कमी पडलं हे सांगणारा एक समीक्षक दर रांगेत बसलेला असतो. पण व्हिडिओ गेमचा शेवट कसा होता, हे सांगणारा माणूस मला अजून मराठीत भेटलेला नाही. तेव्हा ती गादी रिकामी आहे असं बघून मी तिच्यावर रुमाल टाकून ठेवतो आहे.

माझी पात्रता काय, असं आमच्या हिनेही विचारलं. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. बँकेतल्या माणसाइतका शेवटाचा अनुभव नाटककारालाही नसतो. नाटककार वर्षातून एखादा शेवट लिहितो. आम्ही तो रोज संध्याकाळी करतो. कॅश जुळली, दिवस संपला. तीन रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत शेवट नाही. शिवाय मी पुणतांब्याचा. शिर्डीची गाडी आमच्या जंक्शनवरून वळते, त्यामुळे बाहेरच्या माणसाच्या लेखी पुणतांबा हा कायम प्रवासाचा मधला भाग असतो. आमच्या गावातच कुणाचा तरी प्रवास संपतो ही गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. त्याकडे येतोच.

माझ्या पिढीचा गेमशी संबंध आला तो नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या डब्यातून. गल्लीत डबा एक आणि मुलं अकरा. त्यात घालायची ती पिवळी कॅसेट. तिच्यावर ९९९९ गेम्स असं छापलेलं असे. प्रत्यक्षात पाच-सहा, बाकी सगळे तेच, नावं बदलून. पुढे बँकेत आल्यावर कळलं की योजनांच्या बाबतीतही अशीच पद्धत असते. त्या पाच-सहांत मारिओ हमखास असे.

मारिओ आला १९८५ साली, जपानच्या निन्टेन्डो कंपनीकडून. राजकन्येला पळवून नेलं आहे आणि हा मिशीवाला गडी तिला सोडवायला निघाला आहे. आठ मुलखांत मिळून बत्तीस टप्पे. प्रत्येक मुलखाच्या शेवटी किल्ला, किल्ल्यात राक्षस. त्याला बुडवून आत जावं तर आत राजकन्या नाहीच! आळंबीसारखी टोपी घातलेला एक बुटका उभा. तो आधी आभार मानतो आणि मग सांगतो की बाई दुसऱ्या वाड्यात आहेत. असं एकदा नाही, सात वेळा. सातबाऱ्यावरची नोंद करून घ्यायला गेलेल्या माणसाला हा बुटका निश्चित ओळखीचा वाटेल. साहेब आज तालुक्याला गेलेत, तुमचं टेबल हे नव्हे, उद्या या. फरक एवढाच की मारिओतला बुटका आभार मानतो.

आठव्या किल्ल्यात राजकन्या भेटते. आणि काय म्हणते? तुझी कामगिरी पूर्ण झाली, पण आता तुझ्यापुढे नवी कामगिरी ठेवते. म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणखी अवघड करून. ज्यांना बँकेत बढतीबरोबर बदलीचा कागद मिळाला आहे, त्यांना यावर भाष्य नको. राजकन्येचा तो चेहरा मला आज आठवत नाही. दोन बोटं उंचीचं ते चित्र, त्यात चेहरा कुठून दिसणार? आठवतो तो बुटका, आणि त्याला पाहून अकरा पोरांनी एकदम टाकलेला उसासा. तो शेवट राहिला तो सात वेळच्या नकारामुळे.

दुसरा गेम ‘कॉन्ट्रा’. दोन शिपाई, उघडे दंड, समोर परग्रहावरचं सैन्य. मूळ गेममध्ये खेळणाऱ्याला तीन जीव. पण एक बटणांचा मंत्र होता: वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, मग बी, मग ए. तो म्हटला की तीस जीव मिळत. ज्या पोरांना पाचाचा पाढा येत नव्हता त्यांना हा मंत्र तोंडपाठ. शेवटी हेलिकॉप्टर उडतं, मागे सगळं बेट फुटतं, आणि पडद्यावर अभिनंदनाचे चार शब्द येतात. आमच्या गल्लीत तीस जिवांवर तो शेवट प्रत्येकाने पाहिला, आणि त्याचं कुणाला काहीही वाटलं नाही. एका मुलाने मात्र एका सुट्टीत तीन जिवांवर तो गाठला. त्या दिवशी बेट फुटलं तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. बेट तेच, हेलिकॉप्टर तेच. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात की नोटा जास्त छापल्या की नोटेची किंमत उतरते. जिवाचंही तसंच आहे.

आणि इथे मला आमच्या गावचे चांगदेव महाराज आठवतात. गोदेच्या काठावर पुणतांब्याला त्यांची समाधी आहे. परंपरा सांगते की योगसामर्थ्याने त्यांनी काळाला चकवलं. दर शंभर वर्षांनी मृत्यू यायचा, महाराज प्राण वर चढवून बसायचे, मृत्यू हात हलवत परत. असं चौदा वेळा. एकूण वर्षं चौदाशे. ‘कॉन्ट्रा’वाल्यांनी नुसते तीसच जीव दिले होते, एकेक जीव शंभर वर्षांचा नव्हता. आता इतक्या जिवांच्या माणसाला शेवट कसा द्यायचा? कुठलाही गेमवाला इथे मोठा राक्षस आणील. आपल्या परंपरेने चार भावंडं आणली. त्यांत सर्वांत धाकटी मुक्ताई.

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर हे चौदाशे वर्षांचे. शेवटी कागद कोराच पाठवला. (आमच्याकडे असे अर्ज रोज येतात, पण त्यांमागे इतका विचार नसतो.) मुक्ताईने तो पाहिला आणि म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला की! उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे महाराज वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांच्या लवाजम्यासह निघाले. खेळाच्या भाषेत म्हणजे जमवलेली सगळी आयुधं काढली. समोरून भावंडं बसलेली भिंतच चालत आली. वाघाला जीव असतो, तो चालतोच. भिंतीचं तसं नाही. महाराज खाली उतरले, आणि ज्या मुलीने कोरा म्हटलं तिलाच त्यांनी गुरू केलं. यात कुणी मेलं नाही, काही फुटलं नाही. खेळणाऱ्याला फक्त कळलं की आपण चौदाशे वर्षं गुण मोजत होतो ते भलत्याच गोष्टीचे. एवढा चोख शेवट मी कुठल्याही कॅसेटमध्ये पाहिलेला नाही.

ज्या गेमना शेवटच नाही, त्यांचं काय? ‘पॅकमॅन’ (१९८०) असाच एक, ठिपके खात सुटलेला पिवळा गोल. करणाऱ्यांनी शेवट ठेवलाच नव्हता. पण टप्पा मोजणारं यंत्रातलं खातं २५५ पर्यंतच मोजू शके. २५६व्या टप्प्याला हिशेब चुकतो आणि पडद्याची उजवी बाजू आकड्या-अक्षरांच्या कचऱ्याने भरून जाते. पुढे जाता येत नाही. तिथवर एकही ठिपका, एकही फळ, एकही भूत न सोडता गेलं तर गुण होतात ३३,३३,३६०. बक्षीस म्हणून अर्धा पडदा केर! तरीही त्या कचऱ्याला जगभर लोक डोळ्यांत प्राण आणून पाहतात. मला तो शेवट आवडतो. त्यात लबाडी नाही. वहीची पानं संपली, एवढंच तो सांगतो.

‘टेट्रिस’ची गोष्ट याहून वेगळी. मॉस्कोत १९८४ साली जन्मलेला हा गेम. वरून ठोकळे पडतात, आपण रचायचे. निन्टेन्डोच्या १९८९च्या आवृत्तीत २९व्या पातळीला ठोकळे इतक्या वेगाने पडतात की तोच शेवट असं वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते. मग पोरांनी बटण दाबायच्या नव्या रीती काढल्या. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला तेरा वर्षांचा एक मुलगा १५७व्या पातळीला पोचला आणि यंत्रच गोठलं. ठोकळा हवेत थांबला. माणसाच्या हातून हे प्रथमच घडलं. मुलगा खुर्चीत मागे रेलून, बोटं जाणवत नाहीत म्हणून थरथरत राहिला. ब्रिटनमधल्या एका टीव्ही निवेदिकेने त्यावर सल्ला दिला की बाहेर जा, जरा मोकळी हवा घे. आमच्या गल्लीत हा सल्ला प्रत्येक आईने दिलेला आहे, तेव्हा त्याचं नवल नाही. पण त्या मुलाचे वडील त्याच महिन्यात वारले होते आणि त्याने तो खेळ त्यांना वाहिला होता. करणाऱ्याने न ठेवलेला शेवट त्याने स्वतः आणला आणि वडिलांच्या नावे जमा केला. पडद्यावर अभिनंदनाची एक ओळसुद्धा नव्हती.

उलट जिथे शेवटावर लाखोंनी खर्च होतो तिथे भांडणं. ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या गेमचा तिसरा भाग २०१२ साली आला. तीन भागांत मिळून शेकडो निर्णय खेळणाऱ्याने घ्यायचे, कुणाला वाचवायचं, कुणाशी दोस्ती करायची. आणि शेवटी सगळे शेवट जवळजवळ सारखेच, फक्त प्रकाशाचा रंग लाल, निळा किंवा हिरवा. चाहते खवळले. त्यांनी वर्गणी काढून कंपनीला सुमारे चारशे कपकेक पाठवले, वरचं क्रीम लाल, निळं, हिरवं. चव तिन्हींची एकच. निषेधाचा इतका गोड मोर्चा मी ऐकलेला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने वाढीव शेवट फुकट वाटला.

शेवट आवडला नाही तर गप्प बसायचं नाही, हे आमच्या गावाला शिकवायला नको. १ जून २०१७चा शेतकऱ्यांचा संप पुणतांब्यातूनच सुरू झाला. दोन दिवसांनी भल्या पहाटे मुंबईहून बातमी आली की संप मिटला. इथे माणसं दूध ओतून बसलेली, आणि शेवट परस्पर! अनेकांनी तो मानलाच नाही आणि संप पुढे चालला. २४ जूनला ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, आणि मग फॉर्म. फॉर्मनंतर यादी, यादीनंतर दुरुस्ती. काउंटरच्या अलीकडे बसून मी कितीतरी जणांना सांगितलं की तुमचं नाव या यादीत नाही, पुढच्या यादीत बघा. बुटका मी होतो. आभार मात्र मानत असे.

‘एकच प्याला’त शेवटी सिंधू जाते, सुधाकर जातो. प्रेक्षक १९१९ पासून रडत आले आहेत. पण त्यांतल्या कुणाच्या हातात पेला नव्हता. गेममध्ये पेला तुमच्या हातात असतो, आणि त्याची खरी ताकद तिथेच आहे. हे मला नाशिकहून सुट्टीला आलेल्या भाच्याने शिकवलं. त्याने ‘ब्रदर्स’ (२०१३) नावाचा स्वीडनमधला गेम लावला आणि म्हणाला, “मामा, डाव्या अंगठ्याने थोरला चालवायचा, उजव्याने धाकटा.” आजारी बापासाठी औषध आणायला निघालेले दोन भाऊ. धाकट्याला पाण्याची भीती, कारण आई पाण्यात गेलेली. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला धरून पोहतो. तीनेक तास मी दोन्ही अंगठ्यांचा गोंधळ घालत त्यांना झाडांवर आपटत नेलं. मग थोरला मरतो. डावा अंगठा रिकामा. एकट्याने परत येताना धाकट्यापुढे नदी येते. तो काठावरून हलत नाही. मी उजवं बटण दाबतो. तो पाणी बघून मागे सरतो.

“मामा, डावं दाबा.”

“अरे, पण तो तर गेला ना?”

“दाबा तर खरं.”

दाबलं. पोरगं पाण्यात उतरलं आणि पोहायला लागलं. आमची ही मागे भाजी निवडत होती, ती म्हणाली, “डोळ्यांना काय झालं?” मी म्हटलं, “कांदा.” ती गवार निवडत होती.

एकही शब्द न बोलता हे सांगणं नाटकाला जमणार नाही, सिनेमालाही नाही. त्यांना अंगठा कुठे आहे?

आपल्याकडचाही एक गेम भाच्याने दाखवला, ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० साली काढलेला. सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. वाडे, भिंतीवरची चित्रं, सगळं आपलं, आणि डोळे निवतील असं देखणं. इथे राजकन्येची वाट बघत कुणी बसत नाही, बहीणच भावाला सोडवायला निघते. मारिओला हे सुचलं नव्हतं. पण शेवट असा अचानक येतो की दार आपल्या नाकावर बंद झाल्यासारखं वाटतं. पुण्यात दुपारी एकनंतर दुकानात गेलेल्यांना ही भावना परिचित आहे. बाकी सगळं इतकं जीव लावून केलेलं असताना शेवटाला वीस मिनिटं जास्त द्यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाच्याला मीही एक जुना गेम दाखवला. मोक्षपट. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि वर वैकुंठ. ज्ञानेश्वरांनीच तो भावंडांसाठी रचला अशी आपल्याकडे परंपरा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तो इंग्लंडात गेला आणि सापशिडी झाला. आमची आजी आम्हांला तो कवड्यांनी खेळवायची. वैकुंठाला नेमकं दानच पडावं लागे. एक जास्त पडलं तरी चालत नसे, त्यामुळे दारात तासभर ताटकळलेली मंडळी मी पाहिली आहेत.

भाच्याने विचारलं, “आणि पोचलं की मग? पुढे काय होतं?”

आजीचा नियम मला पक्का माहीत होता. ज्याला आधी मोक्ष मिळेल, त्याने उठून सगळ्यांसाठी चहा टाकायचा.