दोन सुरांचा शेजार

दिवाळीच्या फराळाबरोबर जपानी वाद्यवृंदाची गोष्ट वाढली, तर रसिक वाचक नाक मुरडणार नाहीत अशी आशा आहे. देशी आणि परदेशी सुरांनी एकत्र कसे नांदावे, हा प्रश्न आपल्याही घरचाच आहे.

तोरू ताकेमित्सु (१९३०–१९९६) यांची 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने आपल्या सव्वाशेव्या वर्षानिमित्त करवून घेतली. सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली ती नोव्हेंबर १९६७ मध्ये प्रथम वाजली. त्या भल्या मोठ्या वृंदापुढे जपानी वाद्ये दोनच. त्सुरुता किन्शी यांची बिवा वीणेच्या कुळातली. तिच्या तारांवर रुंद पट्टीने आघात करतात. योकोयामा कात्सुया यांची शाकुहाची म्हणजे उभी धरून फुंकायची वेळूची बासरी. झेन पंथाचे भिक्षू ती ध्यानासाठी फुंकीत. जुन्या वेळूच्या बेटातून वारा वाहावा, तसा तिचा नाद असावा, ही जपानी कल्पना ताकेमित्सुंना फार प्रिय होती.

याच वृंदाने १९८१ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली, पंडित रविशंकरांची 'रागमाला' सादर केली. तेथे सतार आणि वृंद एकमेकांचे बोल उचलतात. ताकेमित्सु नेमके हेच टाळतात. एक बोलू लागला की दुसरा बहुधा ऐकत राहतो. शेवटाकडे तर सारा वृंद कितीतरी वेळ गप्प असतो आणि ती दोन वाद्येच बोलतात.

आमच्या गंगापूर तालुक्यात कायगावापाशी प्रवरा गोदावरीला मिळते. संगम पवित्र खराच. पण पुढे प्रवरेचे नाव उरत नाही. युद्धकाळाच्या कटू आठवणींमुळे ताकेमित्सु तरुणपणी स्वदेशी संगीतापासून दूर गेले होते. पुन्हा हाती आलेले ते धन परक्या प्रवाहात हरवू द्यायला त्यांचे मन धजले नसावे, असे मला वाटते.

दोष नाहीत असे नव्हे. गुणगुणायला चाल नाही, आणि वृंदाचे काही तुकडे मला रुक्ष वाटतात. परंतु चालीची वाट न पाहता ऐकावे. शाकुहाचीचा श्वास विरतो आणि दुसरा सूर उमटतो, त्यामधली शांतता हीच या रचनेची खरी पुंजी आहे. आपले अनेक प्रयोग दोन संगीते मिसळण्याच्या घाईत ही शांतताच आधी गमावतात.