लांडग्याचा दृष्टान्त आणि हरवलेली व्याप्ती



आज आपण एका संशोधन-निबंधाची समीक्षा करणार आहोत. निबंध संगणकशास्त्रातला आहे, पण त्यातला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल : दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात, एवढ्यावरून काय सिद्ध होतं? बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाचे केनेथ सोरेन्सेन यांचा हा निबंध २०१५ साली छापून आला. उत्तरं शोधण्याच्या संगणकीय पद्धतींना निसर्गातल्या रूपकांची जी सजावट केली जाते, ती त्यांनी तिथे उघडी पाडली. या क्षेत्रातल्या लोकांना तो झोंबला आणि पुष्कळांना आवडलाही.

आधी क्षेत्राची थोडी ओळख करून घेऊ. समजा, एखाद्या मोठ्या महाविद्यालयाचं वेळापत्रक लावायचं आहे. वर्ग, खोल्या, प्राध्यापक यांच्या जुळण्या इतक्या होतात, की एकेक तपासायला आयुष्य पुरणार नाही. मग काय करायचं? पन्नास-शंभर कशीबशी वेळापत्रकं तयार करायची. त्यातली बरी ठेवायची, दोन-दोन घेऊन त्यांची सरमिसळ करायची, मधूनच एखादा तास इकडचा तिकडे हलवायचा आणि पुन्हा निवड करायची. अशा शेकडो पिढ्या गेल्या की बऱ्यापैकी वेळापत्रक हाती लागतं. ही झाली जेनेटिक अल्गोरिदमची कल्पना. सर्वोत्तम उत्तराची हमी नाही, पण कामापुरतं चांगलं उत्तर मिळतं. अशा पद्धतींच्या मोठ्या कुळाला मेटाह्युरिस्टिक म्हणतात, आणि उत्क्रांतीपासून स्फूर्ती घेणाऱ्या शाखेला इव्होल्यूशनरी कॉम्प्युटेशन.

या शाखेचा जन्म एका जागी झाला नाही. १९६० च्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेशेनबर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल अभियांत्रिकीचे प्रश्न सोडवत होते. अमेरिकेत लॉरेन्स फोगेल आणि सहकाऱ्यांचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. मिशिगन विद्यापीठातल्या जॉन हॉलंड यांचं पुस्तक १९७५ मध्ये आलं. तीन गट, तीन परिभाषा. जेनेटिक अल्गोरिदमवाल्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८५ मध्ये पिट्सबर्गला झाली, युरोपातली परिषद १९९० मध्ये डॉर्टमुंडला. ही माणसं एकमेकांना भेटू लागली, तेव्हा लक्षात आलं की आपण बऱ्याच अंशी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगतो आहोत. मग त्यांनी एक सामाईक नाव स्वीकारलं. त्याच नावाचं नियतकालिक १९९३ मध्ये सुरू झालं.

हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपला शब्द दुसऱ्याच्या शब्दात बसवून पाहायचा, कुठे जुळतं आणि कुठे फरक उरतो हे मान्य करायचं, यातून संशोधकांचा समाज तयार होतो. परिषदा आणि नियतकालिकं ही त्याची फक्त साधनं.

सोरेन्सेन यांची तक्रार अशी, की पुढे ही दिशाच उलटली. वेगवेगळी नावं एका छत्राखाली येण्याऐवजी एकाच कल्पनेला रोज नवं नाव मिळू लागलं. काजवे, वटवाघळं, कोकिळा, देवमासे, पाण्याचे थेंब, कृष्णविवरं, साम्राज्यवादी राष्ट्रं, सगळ्यांच्या नावाने अल्गोरिदम आले. फेलिपे कॅम्पेलो आणि क्लाउस अरान्हा यांनी अशा नावांची एक सूचीच ठेवली आणि ती दोनशेच्या पुढे गेली. गंमत अशी, की या पुराचं वर्णन करताना सोरेन्सेन स्वतःही त्सुनामीचं रूपक वापरतात! तेव्हा रूपकाशिवाय कोणाचंच चालत नाही. मग नेमकं बिघडलं कुठे?

दोन उदाहरणं घेऊ. पहिलं संगीताचं. वादक सूर जुळवत जुळवत सुसंवादाकडे जातात, या कल्पनेवर २००१ मध्ये हार्मनी सर्च नावाची पद्धत मांडली गेली. २०१० मध्ये डेनिस वेलँड यांनी तिच्यातले संगीताचे शब्द बाजूला ठेवून नुसत्या पायऱ्या तपासल्या. आत निघाली बर्लिनवाल्यांच्या जुन्या पद्धतीचीच एक विशेष आवृत्ती. सोरेन्सेन यांनी या विश्लेषणाचा चांगला उपयोग करून घेतला आहे.

दुसरं उदाहरण लांडग्यांचं. २०१४ मध्ये ग्रे वुल्फ ऑप्टिमायझर आला. कळपात एक अल्फा, त्याखाली बीटा, मग डेल्टा, आणि बाकीचे यांच्या मागे. संगणकात याचा अर्थ एवढाच, की आतापर्यंतच्या सर्वांत चांगल्या तीन उत्तरांकडे बाकीची उत्तरं सरकवायची. कामाचो-व्हिलालोन, डोरिगो आणि श्ट्युत्स्ले यांनी पुढे दाखवून दिलं, की यातल्या कल्पना १९९५ च्या पार्टिकल स्वॉर्म पद्धतीच्या घराण्यात आधीच होत्या.

आता जीवशास्त्राची बाजू पाहा. 'अल्फा लांडगा' ही कल्पना लोकांपर्यंत पोचवण्यात डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. तिचा आधार मुख्यतः बंदिवासातल्या, एकत्र कोंबलेल्या लांडग्यांची निरीक्षणं. त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे लांडग्यांच्या अभ्यासकाने जी कल्पना दुरुस्त केली, ती पंधरा वर्षांनी अल्गोरिदमचं भांडवल झाली. आणि अल्गोरिदमचं त्याने काहीच बिघडलं नाही! आमच्या मते सगळी गोम इथेच आहे. लांडग्यांबद्दलची माहिती चूक ठरली तरी पद्धत जशीच्या तशी चालते, याचा अर्थ लांडगे त्या पद्धतीत कधी नव्हतेच.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात याला चांगले शब्द आहेत. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. यात स्वयंपाकघर हा दृष्टान्त. पण अनुमान उभं राहतं ते व्याप्तीवर, म्हणजे धूर आणि अग्नी यांच्या नियत संबंधावर. दृष्टान्त ती व्याप्ती डोळ्यांपुढे आणतो, तिची जागा घेत नाही. नुसत्या साम्यावर उभ्या केलेल्या आक्षेपाला न्यायसूत्रांनी 'साधर्म्यसम' म्हटलं आणि असत् उत्तरांच्या यादीत त्याला पहिली जागा दिली. लांडगे एकत्र शिकार करतात आणि त्यांना सावज सापडतं, म्हणून त्यांच्यासारखी सरकणारी उत्तरं चांगल्या उत्तरापर्यंत पोचतील, हा युक्तिवाद त्याच जातीचा. दृष्टान्त आहे, व्याप्ती नाही.

मेरी हेस यांनी १९६३ च्या पुस्तकात साम्याचे तीन भाग केले : जे जुळतं ते, जे जुळत नाही ते, आणि ज्याचा निर्णय अजून लागलेला नाही ते. विज्ञानात कामाचा असतो तो तिसरा भाग, कारण तिथून नवे प्रश्न निघतात. हॉलंड यांचं जनुकांचं रूपक या अर्थाने जिवंत होतं. सरमिसळ केल्यावर चांगले तुकडे टिकतात का, केव्हा मोडतात, असे प्रश्न त्यातून निघाले आणि त्यावर अनेक वर्षं गणिती वाद झाले. काही दावे टिकले, काही सैल पडले. देवमाशाच्या रूपकातून असा कोणता प्रश्न निघाला, एवढंच विचारावं.

ही कसोटी सोरेन्सेन यांच्या निबंधात पुरेशी स्पष्ट होत नाही, अशी आमची पहिली तक्रार आहे. काही जुनी रूपकं फलदायी ठरली हे ते मान्य करतात, पण ती का फलदायी ठरली हे वाचकाला नीट कळत नाही. उपहास धारदार आहे. मात्र उपहासाने शहाणा होतो तो आधीच पटलेला माणूस.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र आम्हाला पूर्ण मान्य आहे. आपली पद्धत दुसऱ्यापेक्षा चार टक्के पुढे गेली असं कोष्टक दाखवणं ही शर्यत झाली, समज नव्हे. त्यात शर्यतीचं मैदानच कललेलं असलं तर? नेहमी वापरल्या जाणाऱ्या कित्येक चाचणी-फलनांचं अचूक उत्तर बरोबर शून्यावर असतं. आणि लांडग्यांच्या पद्धतीचं सूत्रच असं आहे, की शोध शून्याकडे ओढला जातो. २०१९ मध्ये हे दाखवलं गेलं, की उत्तर शून्यापासून जितकं दूर न्यावं तितकी तिची कामगिरी घसरते. प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शून्य असेल, तर सगळीकडे शून्य लिहिणारा विद्यार्थी पहिला येणारच.

एका प्रमेयाचाही असाच दुरुपयोग होतो. वोल्पर्ट आणि मॅकरेडी यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं, की सर्व शक्य प्रश्नांची सरासरी काढली तर शोधाच्या साऱ्या पद्धती सारख्याच ठरतात. यावरून कित्येक निबंधांत म्हटलं जातं : कोणतीही एक पद्धत सर्वश्रेष्ठ नाही, म्हणून आमची नवी पद्धत. अहो, हे प्रमेय नव्या पद्धतीलाही तोच न्याय लावतं! प्रश्नाची रचना समजून घ्या, एवढाच त्याचा उपदेश. आणि नेमकं तेच टाळलं जातं.

आमची दुसरी तक्रार गंभीर आहे. हे सगळं का चालतं याची संस्थात्मक बाजू या निबंधात हवी तितकी येत नाही. नव्या नावाला निबंध मिळतो, निबंधाला उल्लेख मिळतात, उल्लेखांवर बढती मिळते. जुन्या दोन पद्धती एकच आहेत हे सिद्ध करणाऱ्याला काय मिळतं? वैर. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी किमान एक शोधनिबंध छापून येणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती निघाली, पण सक्ती गेली म्हणून अपेक्षा जात नाही. तीन-चार वर्षांत काहीतरी 'नवीन' दाखवायचं दडपण असलेल्या पंचविशीतल्या मुलामुलींना एखादा प्राणी हाती धरून दिला, तर दोष एकट्या त्यांचा कसा? त्यांची उमेदीची वर्षं त्यात जातात. आपण जे केलं ते पन्नास वर्षांपूर्वी बर्लिनला झालं होतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंही नसतं.

नियतकालिकं आता सावध झाली आहेत. रूपकाच्या भाषेतले निबंध नकोत, नेहमीच्या परिभाषेत लिहा, अशी धोरणं काहींनी जाहीर केली. २०२२ मध्ये बऱ्याच संशोधकांनी मिळून याविरुद्ध कृतीचं जाहीर आवाहन केलं. पाऊल योग्य आहे. पण नुसती नावं बंद करून भागणार नाही. उद्या प्राणी जातील आणि त्यांच्या जागी भारदस्त ग्रीक अक्षरं येतील.

चांगलं काम कसं दिसतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. कानपूरच्या आय.आय.टी.मधून कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये एनएसजीए-टू ही पद्धत प्रसिद्ध केली. एकाच वेळी खर्च कमी हवा आणि मजबुतीही हवी, अशा परस्परविरोधी उद्दिष्टांसाठी ती जगभर वापरली जाते. नावात प्राणी नाही. पद्धत काय करते तेच नावात आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, निबंधाची सुरुवातच आधीच्या पद्धतींवरच्या तीन आक्षेपांनी होते : गणनेचा भार फार, चांगली उत्तरं जपून ठेवण्याची सोय नाही, आणि एक आकडा वापरणाऱ्याला स्वतः ठरवावा लागतो. त्या पद्धतींत देब यांची स्वतःची १९९४ ची पद्धतही होती. मग तिन्ही आक्षेपांना एकेक उत्तर. यात पूर्वपक्ष आहे आणि उत्तरपक्षही आहे. आपल्या परंपरेत शास्त्र असंच लिहीत असत.

तेव्हा सोरेन्सेन यांचा निबंध जरूर वाचावा, विशेषतः मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्यांनी. त्यातलं हसू बाजूला ठेवून एक सवय उचलावी. विद्यार्थी नवी पद्धत घेऊन आला की त्याला सांगावं : यातले लांडगे काढ, साध्या पायऱ्या फळ्यावर लिही, आणि या पायऱ्या आधी कोणी लिहिल्या होत्या ते शोधून आण. शोधूनही काही वेगळं उरलं, तर ते त्याचं. काहीच उरलं नाही, तर दोन पद्धती एकच आहेत हे दाखवणारा निबंध त्याला लिहू द्यावा, आणि पीएच.डी.च्या समितीने तो निबंध पूर्ण मानाने मोजावा. यातला शेवटचा भाग विद्यार्थ्याच्या हातात नाही, तो आपल्या पिढीच्या हातात आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.