टेलर यांच्या समीकरणातून निसटलेले

अमेरिकन अभियंते फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी १९०६ साली तिथल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे, अध्यक्ष या नात्याने, धातू कातण्याच्या कलेवर प्रबंध मांडला. त्यामागे २६ वर्षांचे प्रयोग होते. त्यांत साडेतीन लाख किलोहून अधिक धातूचा कीस झाला! त्यातले एक सूत्र आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवतात: वेग वाढवला की हत्याराच्या धारेचे आयुष्य झपाट्याने घटते. टेलर यांचा घातांक होता एक-अष्टमांश. म्हणजे वेग दुप्पट केला, तर आयुष्य २५६ पटींनी कमी. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

पण कातकामाचा धडा इथेच संपवणे मला पटत नाही. टेलर यांचा भर जाड काप घेऊन धातू लवकर उडवण्यावर होता. काम गुळगुळीत झाले का, हा त्यांचा मुख्य प्रश्नच नव्हता.

त्यासाठी पुस्तके दुसरे सूत्र देतात. खाचांची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले टोकाच्या त्रिज्येची आठपट. फीड ०.२ मिमी, त्रिज्या ०.८ मिमी असेल, तर उंची सुमारे ६ मायक्रॉन. फीड निम्मे केले की उंची पावपट. सुबक आहे, पण यात वेग कुठेच नाही! मऊ पोलाद मंद वेगाने कातून पाहा. धातू टोकावर चिकटून त्याची ढेप बनते, ती तुटते, तिचे तुकडे कामावरच राहतात आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा दिसतो. वेग पुरेसा वाढवला की ढेप टिकत नाही, आणि तोच दांडा चकाकतो. धारेचा रेक कोन वाढवला तरी ती कमी होते. सूत्रात हा कोनही नाही.

बरे, सूत्राच्या सल्ल्याने त्रिज्या वाढवत नेली तर? टोक दांड्याला बाजूला अधिक जोराने ढकलू लागते. लांब, बारीक दांडा थरथरतो आणि अंगावर लाटा उमटतात.

ही थरथर टेलर यांना ठाऊक होती. यंत्रकारागिरापुढचे ते सर्वांत गूढ कोडे आहे, असे त्यांनी मान्यही केले. तरीही वेग आणि फीड ठरवण्याचे काम त्यांनी कारागिराकडून काढून सरकपट्टीकडे सोपवले. माझा खरा आक्षेप इथे आहे. थरथर सर्वांत आधी ऐकू येते ती लेथवर उभ्या असलेल्या माणसाला.

जवळच्या वर्कशॉपमध्ये एकाच दांड्याचे तीन तुकडे तीन वेगांनी कातून घ्या आणि मुलांना त्यांवरून नख फिरवू द्या. फीड मात्र तिन्ही वेळा तेच ठेवा.